सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी मोबाइल अ‍ॅप: आराखडा मांडतोय, चिरफाड करा

पाचवामजला

नमस्कार मंडळी,

ठाण्यातली आमची सोसायटी. दोन विंग, सात मजले, छप्पन्न फ्लॅट. दोन लिफ्ट, पाणी चढवायचे दोन पंप (एका वेळी एकच चालतो), वरच्या दोन मजल्यांना दाब मिळावा म्हणून गच्चीवर एक बूस्टर, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, सीसीटीव्ही. एवढ्या सगळ्याला मिळून एक कॉमन मीटर आणि महिन्याला एक बिल. बिल फुगलं की कमिटीत ठरलेला कार्यक्रम होतो. एक जण लिफ्टवर घसरतो, दुसरा पंपावर, तिसऱ्याला खात्री असते की पार्किंगच्या सॉकेटवर कोणीतरी गुपचूप स्कूटर चार्ज करतंय. पुरावा कोणाकडेच नाही, त्यामुळे आवाज ज्याचा मोठा त्याचं खरं.

मी पोटापाण्यासाठी बँकांची अ‍ॅपं करतो. विजेतलं जेमतेम कळतं. शनिवार-रविवारी बसून केलेला आराखडा असा:

कंपनीच्या मीटरनंतर, आमच्या स्वतःच्या पॅनेलमध्ये चार सब-मीटर: पंप, बूस्टर, लिफ्ट, दिवे. मॉडबसवर (तारेवरून आकडे देण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) बोलणारे, डिन रेलवर (पॅनेलमधल्या पट्टीवर) बसणारे. एक ईएसपी३२ (वायफायवाली छोटी कंट्रोलर चिप) त्यांना दर दहा सेकंदांनी विचारणार आणि वायफायवरून सर्व्हरला पाठवणार. अ‍ॅप फ्लटरमध्ये, एकदाच लिहायचं, म्हणजे अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही उरकतं.

पडदे पाच ठरवलेत. आजचे युनिट आणि रुपये, कशाला किती गेलं त्याचा गोल तक्ता, चोवीस तासांचा आलेख, इशारे, आणि ए विंग विरुद्ध बी विंग अशी स्पर्धा, जरा मजा म्हणून. सहावा, कार्बनचा, डोक्यात आहे.

तीन प्रश्न. पहिल्या पडद्यावर नेमकं काय असावं? पंप आणि दिवे मोबाइलवरून चालू-बंद करता यावेत का? आणि पुढेमागे सभासदांच्या फ्लॅटचे आकडेही ह्यातच घ्यावेत का?

टिंबटिंब

बिल कमी करायचं अ‍ॅप मी कधीच बनवलंय. उघडलं की एकच वाक्य येतं: "लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा." पाच तारे. हलके घ्या.

फेजन्यूट्रल

लायसन्सवाला काँट्रॅक्टर आहे, नाशिकला. अ‍ॅपचं तुमचं तुम्ही बघा, पॅनेलचं मी सांगतो.

पहिली गोष्ट, कंपनीच्या मीटरला आणि त्याच्या सीलला हात लावायचा नाही. वीज कायदा २००३, कलम १३८. "आम्ही फक्त वायर सरकवली" हे कोणी ऐकून घेत नाही. त्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, खाली इतके इम्पल्स म्हणजे एक युनिट असं छापलेलं असतं, बऱ्याच मीटरांवर ३२०० असतं. त्या दिव्यासमोर बाहेरून सेन्सर धरून मोजणारे लोक आहेत. तेही करायचं तर आधी कंपनीच्या सेक्शन ऑफिसात अर्ज देऊन करा.

दुसरी, सीटी, म्हणजे वायरीभोवती बसवायची करंट मोजणारी कडी. तीन फेजच्या (आर, वाय, बी) लाइनवर तीन सीटी बसतात, प्रत्येकीला आपापल्या फेजचा व्होल्टेज मिळाला पाहिजे. आर फेजवरची सीटी आणि वाय फेजचा व्होल्टेज अशी अदलाबदल झाली तरी मीटर गप्प बसत नाही, आकडा दाखवतंच, आणि तो आकडा साफ खोटा असतो. सीटी उलटी बसली तर आकडा वजा येतो, ती चूक निदान दिसते तरी. अदलाबदल दिसत नाही. म्हणून बसवल्यावर प्रत्येक फेजवर एक-एक करून ठरावीक लोड टाकून बघायचा, दोन किलोवॉटचा हीटर असला तरी चालतो. दोनच्या आसपास आकडा आला तर पुढे जायचं. हे न करता सहा महिने सुंदर आलेख काढणारी सोसायटी बघितली आहे.

तिसरी: लाइन चालू असताना सीटीची सेकंडरी (मीटरकडे जाणारी तिची बाजू) उघडी सोडायची नाही. तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. ह्या कामाला सॉफ्टवेअरवाल्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाऊ नये, मनापासून सांगतो.

रानजाई

मी कोथरूडला आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, म्हणजे तुमचं हे अ‍ॅप ज्यांच्या गळ्यात पडणार त्यातली एक. स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

सभासद नवं अ‍ॅप उतरवून घेणार नाहीत. गेटवर पाहुण्यांच्या नोंदीचं अ‍ॅप आहे, तेच निम्म्या घरांत नाही. गोल तक्ता मी पहिल्या दिवशी बघेन, दुसऱ्या दिवशी मला पाण्याच्या टँकरवाल्याचा फोन असेल. मला तीनच वेळा विजेची आठवण येते: बिल आलं की, पंप जळला की, आणि वार्षिक सभेत कोणी हात वर केला की. ह्या तिन्ही वेळी उपयोगी पडेल असं काही द्या. बिल यायच्या आधी आठवडाभर एक मेसेज, "ह्या वेळी साधारण इतकं येईल, मागच्यापेक्षा इतकं जास्त, कारण अमुक." आणि सभेसाठी एका पानाची पीडीएफ, जी मी छापून नोटीस बोर्डावर लावू शकेन. एका पानाची. दोन नको.

अजून एक, जे तुम्ही लिहिलेलं नाही. कमिटी बदलते. आमच्याकडे सीसीटीव्हीचा पासवर्ड आधीच्या खजिनदारांच्या मोबाइलवर होता, ते मुलाकडे पर्थला गेले, ओटीपी तिकडे जायचा. खातं माणसाच्या नंबरावर ठेवू नका, पदावर ठेवा. जुन्या सेक्रेटरीने नव्याला सोपवलं की जुन्याचं आपोआप बंद.

पाचवामजला

रानजाई, राग कसला, ह्यासाठीच धागा काढला. पदावर खातं हे लगेच घेतलं. एका पानाची पीडीएफही.

फेजन्यूट्रल, हीटर लावून तपासण्याचं अ‍ॅपमध्येच घालता येईल असं वाटतंय. बसवणाऱ्यासाठी एक वेगळा पडदा: "आर फेजवर लोड टाका, आकडा इतका आला, पुढे." तिन्ही जुळल्याशिवाय सब-मीटर सुरूच होणार नाही.

जुनाखांब

वीज मंडळात हयात गेली, मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हाही तिथेच होतो. आता निवृत्त. धागा वाचून राहवलं नाही. जरा लांबेल.

अ‍ॅप नंतर, आधी कागद घ्या. छप्पन्न फ्लॅट, घरटी चार माणसं धरू, माणशी १३५ लिटर. दिवसाला साधारण तीस हजार लिटर पाणी. खालच्या टाकीपासून वरच्या टाकीपर्यंत, पाइपातलं घर्षण धरून तीस मीटर. हजार लिटर पाणी तीस मीटर चढवायला शास्त्राप्रमाणे ०.०८ युनिट लागतं. सोसायटीचा पंप आणि मोटर मिळून चाळीस-पंचेचाळीस टक्के कार्यक्षमता देतात, म्हणजे ०.२ युनिट धरा. तीस हजार लिटरला सहा युनिट. रोजचे सहा! पंपाच्या नावाने जो शंख होतो तो एवढ्यासाठी.

आता दिवे. जिन्यात मजल्यागणिक विंगला दोन नळ्या, अशा अठ्ठावीस, २० वॉटच्या एलईडी, बारा तास: पावणेसात युनिट. पार्किंगमध्ये वीस नळ्या: आणखी पावणेपाच. आणि लिफ्ट. लिफ्ट चालते तेव्हाची वीज सगळ्यांना दिसते. उभी असतानाची कोणी मोजत नाही. केबिनमधला पंखा आणि दिवा मिळून शंभर वॉट धरले तर चोवीस तासांचे २.४ युनिट, दोन लिफ्टचे ४.८. कंट्रोलर वेगळा. म्हणजे रिकामी उभी लिफ्ट जवळजवळ पंपाइतकी वीज खाते. पुष्कळ लिफ्टना केबिनचा पंखा-दिवा काही मिनिटांनी आपोआप बंद करायची सोय असते, बसवणारा ती चालू करत नाही आणि मेंटेनन्सवाल्याला कोणी सांगत नाही. हा एक फोन करा, अ‍ॅपशिवाय.

तुमच्या अ‍ॅपने दाखवायचं ते हे: रात्री दोन ते चार. त्या वेळी इमारत झोपलेली असते, जे चाललंय ते एकतर चाललंच पाहिजे किंवा वाया जातंय. तो आकडा रोज एकच असायला हवा. तो वर सरकला की काहीतरी बिघडलं. दिवसभराचा आलेख बघत बसण्यापेक्षा ही एक रेघ पुरे.

पंपाचं युनिटवरून काही कळत नाही, हजार लिटरला किती युनिट हे कळलं पाहिजे. त्यासाठी पाण्याचं मीटर किंवा वरच्या टाकीत पातळीचा सेन्सर लागेल. ०.२ चं ०.३ झालं की इम्पेलर (पंपातला फिरता पंखा) झिजला, नाहीतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय आणि चढवलेलं पाणी परत खाली येतंय. रात्री तीनला कोणी नळ उघडत नसताना वरच्या टाकीची पातळी उतरत असेल तर तो व्हॉल्व्ह आधी बघा.

बूस्टरचं आणखी वेगळं. तिथे युनिट सोडा, तो तासाला किती वेळा सुरू होतो ते मोजा. त्याच्या प्रेशर टँकमधला रबरी फुगा फाटला की पंप दर मिनिटा-दोन मिनिटांनी सुरू-बंद होत राहतो. वीज फार वाढत नाही, मोटर मात्र लवकरच जळते. आग विझवायच्या लाइनवरचा जॉकी पंपही (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) तसाच: तो वारंवार सुरू होतोय म्हणजे फायर लाइन कुठेतरी गळतेय. सब-मीटर दर दहा सेकंदांनी वाचणार आहातच, तर करंट कधी चढला एवढं मोजायचं. फुकटात मिळतं.

मोकळावारा

जुनाखांब काका, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा धागा करून ठेवा कोणीतरी.

मी इंटरफेस डिझाइन करते. एका मोठ्या ऑफिस-इमारतीच्या एनर्जी अ‍ॅपवर काम केलंय, नाव नको. तिथे कंट्रोल रूमच्या भिंतीवर भलामोठा डॅशबोर्ड होता, बावन्न आकडे, सगळे हलणारे. त्याच्याकडे फक्त भेटीला आलेले साहेब बघायचे. चिलरचा (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) माणूस स्वतःच्या खिशातल्या डायरीत तीन आकडे लिहायचा: पाणी आत जाताना किती थंड, परत येताना किती, आणि करंट. त्यावरून तो इमारत चालवायचा. आम्ही त्याचे तीन आकडे अ‍ॅपच्या पहिल्या पडद्यावर घेतले तेव्हा कुठे त्याने अ‍ॅप उघडलं.

तुमच्या आराखड्यात मला हेच खटकतंय. पाचही पडदे सेक्रेटरीसाठी आहेत, आणि बटण सेक्रेटरीच्या हातात नाही. पंप कोण लावतं? वॉचमन. जिन्याचे दिवे सकाळी कोण बंद करतं? वॉचमन किंवा झाडू मारणाऱ्या मावशी. टाकी भरून वाहत असताना रानजाईताईंना मेसेज गेला तर त्या ऑफिसातून वॉचमनला फोन लावणार, तो गेटवर गाडी सोडत असणार. ज्याच्या हाताशी स्विच आहे त्याला इशारा पोचला पाहिजे, बाकीच्यांना नंतर हिशेब.

आता त्याचा फोन बघा. आमच्या वॉचमनदादांचा फोन समोर धरून लिहितेय: काच वरच्या कोपऱ्यात तडकलेली, जागा संपल्याचा लाल इशारा कायम वर, डेटा पॅक सकाळच्या व्हिडिओंत संपतो, आणि पंपरूम तळघरात असल्यामुळे तिथे रेंजच नाही. त्यांना हिंदी वाचता येतं, मराठी कळतं, इंग्रजी फक्त आकडे. ह्या माणसासाठी अ‍ॅप करायचं नाही. केबिनमध्ये एक दिवा आणि बझर लावा. पंप नेहमीच्या वेळेपेक्षा जास्त चालला की बझर. पाच मिनिटांत बंद झाला नाही तरच सेक्रेटरीला मेसेज. कागदावर कंटाळवाणं दिसतं, पण चालेल हेच.

आणि इशाऱ्यांचा कोटा ठरवा. आठवड्याला तीनच्या वर गेले की लोक आवाज बंद करतात, आणि मग खरा इशाराही त्यात बुडतो.

टिंबटिंब

म्हणजे अ‍ॅपचं डिझाइन सुधारता सुधारता शेवटी बझर उरला. आवडलं.

फेजन्यूट्रल

मोकळावारा यांना अनुमोदन. बझरला पन्नास-शंभर रुपये लागतात आणि अपडेट लागत नाही.

मोबाइलवरून पंप चालू-बंद करण्याबद्दल: बंद चालेल, चालू नको. वर बसून तुम्ही बटण दाबाल, खाली प्लंबरचा हात कपलिंगमध्ये असेल. दिव्यांचं काही वाटत नाही, तिथे टायमर किंवा फोटोसेलच लावा, अ‍ॅपही नको. पंपाच्या पॅनेलवर ऑटो-मॅन्युअल असा सिलेक्टर असतो. तुमचा रिले (ईएसपीच्या हुकमाने चालणारा स्विच) फक्त ऑटोच्या वाटेत घाला, मॅन्युअलवर केलं की त्याचा काही संबंध उरता कामा नये. फ्लोट स्विच आणि ड्राय रन रिले वायरिंगमध्येच राहू देत, ईएसपी मेला तरी टाकी वाहू नये आणि पंप कोरडा फिरू नये. फायर पंप आणि फायर लिफ्टच्या जवळपासही फिरकू नका. मोजा, पण हात लावू नका.

पाचवामजला

"बंद चालेल, चालू नको" हे पटलं. फक्त एक शंका: दुपारी पंप चालवून वेळेनुसारच्या दराचा फायदा घ्यावा असं डोक्यात होतं. महावितरणने जुलै २०२५ पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली हे वेगळं नोंदवणारं) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत सुरू केली आहे. पंप त्या वेळेत आपोआप लावला तर?

जुनाखांब

गणित करा की. पंपाचे सहा युनिट रोज, महिन्याचे एकशे ऐंशी. सवलत युनिटमागे रुपयाच्या आतली. सगळेच्या सगळे युनिट दुपारी नेले तरी महिन्याला दीडशे रुपयांच्या आसपास सुटतील. आणि सकाळी सहाला टाकी भरलेली नसेल तर छप्पन्न घरांतली माणसं तुमच्या दारात उभी राहतील. वरची टाकी दीड दिवसाची असेल तर खुशाल करा. नसेल तर नाद सोडा. चार्जिंग पॉइंट लावलेत तर मात्र हिशेब बदलतो, गाडी दुपारी चार्ज करण्यात खरा पैसा आहे, तिथे वेळेनुसारचा दर ठळक दाखवा.

दरांचं एक सांगतो. दर अ‍ॅपच्या आत कोरून ठेवू नका. वीज नियामक आयोगाचा आदेश येतो, फिरवला जातो, कोर्टात जातो, इंधन समायोजन महिन्यागणिक बदलतं. दरांचा तक्ता सर्व्हरवर ठेवा आणि प्रत्येक दराला "ह्या तारखेपासून" अशी तारीख लावा, म्हणजे जुन्या महिन्यांचे रुपये नव्या दराने बदलणार नाहीत.

बचत दाखवताना सरासरी दर धरू नका. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. सोसायटी महिन्याला ५०० च्या वरच असते, त्यामुळे वाचलेलं युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यातलं वाचतं. वर वहन आकार (वीज पोचवण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्क. उलट स्थिर आकार कितीही बचत केली तरी हलत नाही. "बिल निम्मं करा" म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

आणि बिलाचा महिना १ तारखेला सुरू होत नाही, रीडिंगच्या दिवशी होतो. कधी २८ दिवसांचं बिल, कधी ३३ चं. मागच्या महिन्यापेक्षा बिल वाढलं म्हणून भांडणाऱ्यांपैकी कित्येकांचं उत्तर एवढंच असतं. तुलना नेहमी दिवसाला किती युनिट अशी करा.

रानजाई

काका, हे ३३ दिवसांचं आमच्या मागच्या सभेत कोणी सांगितलं असतं तर पाऊण तास वाचला असता.

कडीकुलूप

फ्लॅटच्या आकड्यांबद्दल कोणी बोललं नाही. माझं मत: घेऊ नका. अर्ध्या तासाचा आलेख आठवडाभर बघितला की त्या घरात माणसं कधी उठतात, कामाला कधी जातात, गावाला कधी गेलीत, सगळं कळतं. आमच्याकडे दोन घरांत एकट्या आजी राहतात. त्यांचं घर रिकामं कधी असतं हे कमिटीच्या सात जणांच्या आणि तुमच्या सर्व्हरच्या हाती देण्याचं काय कारण? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे, संमती घ्यावी लागते, हेतू सांगावा लागतो, आणि माणसाला संमती मागे घ्यायची असेल तर ती घेता आली पाहिजे. ही सगळी व्यवस्था शनिवार-रविवारच्या अ‍ॅपला पेलणारी नाही.

कॉमन मीटरचे आकडे सगळ्यांचे आहेत, ते खुले ठेवा. तिथेही विंगवार लिफ्टची स्पर्धा कशाला? बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दवाखाना असला तर ती विंग दर महिन्याला हरणार, आणि डॉक्टरांना बोलणी बसणार.

हॅम्बुर्गकर

इकडचं थोडं. जर्मनीत खर्च विजेपेक्षा हीटिंगचा. दूरवाचनाची मीटरं असलेल्या इमारतींत २०२२ पासून घरमालकाने भाडेकरूला दर महिन्याला त्याच्या वापराची माहिती द्यायची असा नियम आहे: ह्या महिन्याचा आकडा, मागच्या महिन्याचा, गेल्या वर्षीच्या ह्याच महिन्याचा, आणि तशाच सरासरी माणसाशी तुलना. मला ती दर महिन्याला येते. उघडतो ती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यासाठी. जानेवारीची तुलना डिसेंबरशी करून काय उपयोग. तुमच्याकडेही मे आणि जुलै एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

शेजारच्या भाडेकरूचा आकडा मात्र दिसत नाही. कडीकुलूप यांच्याशी सहमत.

मोकळावारा

अवांतर होईल, पण कार्बनचा सहावा पडदा सोडून द्या. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे देशाच्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे युनिटलाच ०.७ ने गुणून तेच पुन्हा दाखवणार. पीडीएफच्या तळाला एक ओळ ठेवा, हवं असेल तर.

आकडे मराठीत दाखवा, पण रुपये आणि युनिट एकाच आकाराच्या अक्षरांत नकोत. रुपये मोठे. आणि "नेहमीपेक्षा जास्त" नुसत्या लाल रंगाने सांगू नका, शब्दानेही सांगा, लाल-हिरवा न ओळखणारे बरेच असतात.

पाचवामजला

भरपूर मिळालं. आता आराखडा असा झालाय.

स्पर्धा, कार्बन, गोल तक्ता आणि फ्लॅटचे आकडे काढले. सेक्रेटरीचा पहिला पडदा तीन ओळींचा: बिलाच्या ह्या चक्रात आतापर्यंत दिवसाला किती युनिट आणि अंदाजे बिल, गेल्या वर्षी ह्याच महिन्यात किती, रात्री दोन ते चारचा आकडा आणि तो नेहमीसारखा आहे की चढलाय. खाली बोट सरकवलं तर चार सब-मीटर. चोवीस तासांचा आलेख ठेवतोय, पण तीन टप्पे आत. माझ्यासारख्या दोघा-तिघांसाठी.

वॉचमनच्या केबिनमध्ये बझर आणि दिवा, ईएसपीच्याच एका पिनवरून. मध्ये सर्व्हर नाही, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी वाजेल. बूस्टर तासाला किती वेळा सुरू झाला ते मोजतोय, मर्यादा पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवरून ठरवेन. पाण्याच्या पातळीचा सेन्सर दुसऱ्या टप्प्यात, खजिनदारांनी पैसे मंजूर केले तर.

साठवणीचं ठरवलेलं सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. सब-मीटरमधून त्या क्षणाचे किलोवॉट घेऊन त्यांची बेरीज करत बसायचं नाही. मीटरच्या पोटात सुरुवातीपासूनच्या एकूण युनिटांचा आकडा असतो, तो घ्यायचा आणि वजाबाकी करायची. वायफाय दोन तास मेलं तर मधला आलेख तुटतो, पण युनिट एकही हरवत नाही, पुढच्या वाचनात सगळं आलेलं असतं. वेळेचा शिक्का ईएसपीवरच मारायचा, सर्व्हरवर नाही, नाहीतर उशिरा पोचलेले आकडे भलत्याच तासात जाऊन बसतात.

फेजन्यूट्रल, एक तांत्रिक शंका. मॉडबसवर तीन मीटर नीट बोलतात, चौथा, लिफ्टचा, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये आहे. तिथलं वाचन मधूनमधून कचरा येतं.

फेजन्यूट्रल

केबल कोणती टाकलीय? साधी दोन वायरची असेल तर बदला, पीळ दिलेली शील्डवाली घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. शेवटच्या मीटरवर १२० ओहमचा रेझिस्टर लावा. आणि केबल लिफ्टच्या ड्राइव्हच्या पॉवर केबलला चिकटून गेली असेल तर वेगळी करा, लिफ्ट सुरू-बंद होताना तोच त्रास होतो. कचरा लिफ्ट हलते तेव्हाच येतो का, एवढं बघून सांगा.

पाचवामजला

बघितलं. हो, लिफ्ट हलते तेव्हाच. दोन्ही केबल एकाच ट्रंकिंगमधून नेल्यात.

फेजन्यूट्रल

मग झालं. वेगळ्या पाइपातून न्या, निदान फूटभर लांब. जागा नसेल तर तिथे दुसरा ईएसपी ठेवा आणि वायफायने जोडा. मशीनरूममध्ये जाताना मेंटेनन्सवाल्याला सोबत घ्या, मेन स्विच त्याच्या हातून पाडा.

जुनाखांब

आणि तो आलाच आहे तर केबिनच्या पंख्या-दिव्याचं सेटिंग त्याच फेरीत करून घ्या. आधी आणि नंतरचे रात्रीचे आकडे इथे टाका, बघायचे आहेत.

रानजाई

त्या पीडीएफचा नमुना तयार झाला की आधी मला पाठवा. आमची सभा जवळ आलीय, आणि चिटणीस मंडळात दोघे चष्मा विसरून येतात, तेव्हा अक्षर मोठं ठेवा.